ड्रायव्हरचं ताट

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला जो जो उठून बोलला, त्यानं तुला साधा म्हटलं. किती साधा माणूस, एवढं कमावलं पण बदलला नाही, दारात एवढी मोठी गाडी पण कधी कुणाला जाणवू दिलं नाही. मी आईला धरून पुढच्या रांगेत बसले होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. जाणवू दिलं नाही, हेच तर माझं तुझ्याशी भांडण होतं. पण तिथं उठून हे बोलले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, आणि वहिनीकडं बघवत नव्हतं, म्हणून गप्प बसले.

आता लिहितेय. तुझ्या तोंडावर म्हणायची सोय तू ठेवली नाहीस. भांडण अर्धं टाकून जायची तुला खोडच होती. वादात अडकलास की उठायचास आणि फडकं घेऊन गाडी पुसायला जायचास. मग मी ओट्यावरनं बोलत राहायची, तू बॉनेटला चेहरा दिसेपर्यंत घासत राहायचास, आणि आई आतनं म्हणायची, "आगं शके, पुरं की आता. त्यो काय कोर्टात हुबा हाय का?" यावेळी मात्र फडकं तिथंच खुंटीला आहे आणि तू नाहीस. हा कुठला न्याय, सांग.

गाडी आली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. जळोचीत आपल्या दारापुढं ते पांढरं धूड उभं राहिलं आणि आळीतली सगळी माणसं जमली. डिझेलवर चालणारी, टर्बोची, मागच्या माणसांनाही एसीचं गार वारं, बोटानं बटण दाबलं की काच खाली. लोकांनी अशा गाड्या तोवर मंत्र्यांच्या मागं धुरळा उडवताना पाहिल्या होत्या. शोरूमवाल्यांनी पुढं लिंबू-मिरची बांधून दिली होती. आईनं ती सोडली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, म्हणाली, भाजीला व्हतील. मग गाडीपुढं उभं राहून आपण त्रिशरण, पंचशील म्हटलं. पायरी उंच म्हणून तू आईला चढायला घरातला पाट आणून ठेवलास. ती पुढच्या सीटवर बसली, डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुज्या बापानं जल्मभर दुसऱ्याची चालवली." तू चावी फिरवलीस आणि आम्हाला मोरगावच्या रस्त्यानं फिरवून आणलंस. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की आता आठवलं तरी राग येतो.

कारण आबा. आपण लोणी भापकरला होतो तेव्हा आबा एका बागायतदाराच्या जीपवर ड्रायव्हर होते. मालकाला घेऊन पुण्याला, सोलापूरला जायचे. हायवेच्या हॉटेलांची रीत तेव्हाही तीच होती, जो ड्रायव्हर गिऱ्हाईक घेऊन येईल त्याला मागच्या अंगाला बाजेवर फुकट जेवण. मालक आत पंख्याखाली, आबा बाहेर लिंबाखाली. ते ड्रायव्हरचं ताट आबा पुरतं खायचे नाहीत. भजी, जिलबी, जे सुकं असेल ते कागदात बांधून आपल्यासाठी आणायचे, आणि आपण दोघं ते उंबऱ्यात बसून खायचो. मला ते फार आवडायचं. कळायला लागल्यावर त्याच जिलबीची मला शिसारी बसली. त्या बागायतदारानं आबांना कधी हिडीसफिडीस केलं नाही, माणूस बराच होता म्हणे. फक्त इतक्या वर्षांत एकदाही, आत येऊन बसा, असं त्याच्या तोंडातून निघालं नाही.

मला शिसारी बसली, तुला का बसली नाही, हे मला कधी समजलं नाही.

इंदापूरच्या पंपावरची गोष्ट घे. नवी गाडी, आम्ही तिघी मागं बसलेलो, वहिनी, आई आणि मी. पंपावरचा माणूस तुला म्हणाला, "ड्रायव्हर, जरा म्होरं घे. सायबांची गाडी भारी हाय की. ॲव्हरेज काय देती?" आणि तू हसून म्हणालास, "सायब सांगत न्हाईत." मी काच खाली केली आणि त्याला म्हटलं, गाडी यांचीच आहे. त्यानं माझ्याकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं आणि तोही हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

तू म्हणायचास, चूक हुती माणसाकडनं. होते, कबूल. आणि तू चुकीला सगळी मदत करायचास. अंगात मळखाऊ बुशशर्ट, खांद्यावर नॅपकिन. आम्हाला हॉटेलच्या दारात उतरवायचास आणि स्वतः गाडीत बसून इंजिन चालू ठेवायचास. टर्बोला दम खाऊ दे, लगेच बंद करायचं नसतं, हे तू आम्हाला इतक्यांदा सांगितलंस की आईसुद्धा शेजारणीला सांगायला लागली होती. मग उतरायचास, समोरची काच पुसायचास, टायरला पाय मारून बघायचास. नवी गाडी, चांगल्या साड्यांतल्या तीन बायका, आणि मागं राहून काच पुसणारा सावळा माणूस. हॉटेलवाल्यांनी काय समजायचं? पण मी बारामतीच्या कोर्टात वकिली करते, रोज माणसं बघते. अशी चूक कुणाच्या बाबतीत होते आणि कुणाच्या बाबतीत होत नाही, ते मला माहीत आहे. त्याच बागायतदाराचा मुलगा बनियनवर ट्रॅक्टर चालवत भवानीनगरच्या चौकात येतो, त्याला कुणी ड्रायव्हर म्हणत नाही. त्याला लांबूनच रामराम घालतात.

पहिल्यांदा ते ताट तुझ्यापुढं आलं ते वहिनीच्या माहेरी, सोलापूरला चाललो होतो तेव्हा, टेंभुर्णीच्या अलीकडं. आम्ही आत बसलो, तुझी वाट पाहिली, तू येईनास. वेटरला विचारलं तर म्हणाला, "ड्रायव्हरची सोय मागं केलीय मॅडम, काळजी करू नका." मी ताडकन उठले. मागं जाऊन बघते तर तू बाजेवर मांडी घालून, दोन ट्रकवाल्यांच्या मधे बसून भाकरी कुस्करत होतास. मी म्हटलं, ऊठ. तू म्हणालास, "बस की. आतल्यापरास हितलं कालवण चांगलं हाय."

मी गल्ल्यावरच्या माणसाला चार शब्द सुनवायला निघाले तर तूच माझा हात धरलास. "गप बस शके. जेवतोय न्हवं मी?"

त्यानंतर मोहोळपर्यंत आपण भांडलो. आई कानाला पदर लावून झोपल्याचं सोंग करत होती. मी म्हटलं, आबा तिथं बसायचे कारण त्यांना दुसरीकडं बसता येत नव्हतं. तुला येतं. मग का बसलास? तू समोर उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करत होतास, नीट, डिपर देऊन, घाई न करता. ट्रॉली मागं पडल्यावर म्हणालास, "आबा कुठं बसत हुतं, ते बगायचं हुतं."

मी म्हटलं, बघितलंस ना? आता पुढच्या वेळी आत बस आणि सांग, गाडी माझी आहे. तू म्हणालास, "सांगून काय व्हनार?" मी म्हटलं, काय होणार म्हणजे? त्यांना कळेल. तू म्हणालास, "आरसी बुकात नाव हाय की माजं. तेवढं बास." आणि कॅसेट लावलीस.

तू पुढच्या वेळी आत बसला नाहीस. उलट तुला त्याची गोडीच लागली. कोल्हापूरला गेलो तेव्हा, नगरला गेलो तेव्हा, तू आपणहून मागं जायचास. ट्रकवाले रस्त्याची खबर देत्यात, असं कारण सांगायचास. परत आलास की तुझा चेहरा खुललेला असायचा, कुठला घाट खराब आहे, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं ऐकून यायचास. वहिनी तुझ्याशी एका शब्दानं बोलली नाही यावर, पण ताटातली भाजी चिवडत राहायची, ते तू बघायला नसायचास. तिला आपल्या नवऱ्याबरोबर टेबलावर बसून जेवायचं होतं रे. इतकी साधी गोष्ट होती.

आता खरं सांगायचं तर तुझ्यासारखी गाडी चालवणारा मी पाहिला नाही. तू ब्रेक कधी मारायचास ते कळायचं नाही. आईच्या मांडीवरचा चहाचा कप हिंदकळायचा नाही. आणि दुसऱ्या कुठल्या भावानं केलं नसतं ते तू केलंस, मला स्टेअरिंगवर बसवलंस. निमगाव केतकीच्या पुढं रस्ता मोकळा लागला की बाजूला घ्यायचास आणि उतरून माझ्या बाजूला यायचास. "घे. घाबरू नगंस. पाय दाबला की गाडी जरा इचार करती आन मग उचलती, तेवढा दम धर." टर्बो उचलायचा तेव्हा पाठ सीटला टेकायची आणि मला हसू फुटायचं. गाडी चालवताना मला आपलं काही चुकतंय असं कधी वाटलं नाही, ते तुझ्यामुळं.

आणि एकदा काय झालं आठवतं? मी चालवत होते, तू शेजारी. लासुर्ण्याला चहाला थांबलो. टपरीवाला पळत तुझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "काय आणू सायेब?" तू असा काही लाजलास की कानापर्यंत लाल झालास. मी पोट धरून हसले. म्हटलं, बघ, जागा बदलली की झालास साहेब. तू म्हणालास, "मला न्हाय बा जमत ते." साहेब म्हटल्यावर तुला जी शरम वाटली, ती ड्रायव्हर म्हटल्यावर वाटली नाही. उलटं असायला हवं होतं, दादा. निदान दोन्हींची वाटायला नको होती.

हैदराबादचा प्रवास तुझ्याच हौसेचा. वहिनीच्या भावानं तिकडं घर बांधलं होतं, वास्तूला जायचं. रेल्वेनं जाऊ म्हटलं तर तू ऐकलं नाहीस. नवा हायवे नाही, डबल रस्ता नाही, ट्रकांची रांग, पण तुला गाडी एकदा लांब न्यायची होती. बारामतीहून निघालो, भवानीनगरला साखर कारखान्याच्या मळीचा वास आला तशी आईनं नाकाला पदर लावला, इंदापूरला हायवेला लागलो आणि तू पाय दाबलास. सोलापूरपर्यंत गाणी म्हणत होतास. नळदुर्गच्या पुढं गप्प झालास. म्हणालास, सकाळपासनं जळजळतंय. सोडा प्यायलास. मी म्हटलं, दे मला गाडी. "आता जिवू. जेवल्यावर तू घे, मी मागं पडतो."

मोठं हॉटेल होतं, एसीची वेगळी खोली असलेलं. आम्हाला दारात उतरवलंस. इंजिन चालूच ठेवलंस. पुढचं सगळं तसंच झालं, जसं नेहमी व्हायचं. आम्ही जेवलो. तू आला नाहीस याचं आता कुणाला नवल वाटत नव्हतं. आईनं ताक मागवलं. बाहेर आलो आणि विचारलं तर गल्ल्यावरचा म्हणाला, "ड्रायव्हर झोपलाय मॅडम, पाच मिनिटं झोपू द्या, लांब जायचंय ना." वहिनी म्हणाली, झोपू दे, थकलेत. आम्ही सावलीत थांबलो. मग वहिनीच तुला उठवायला गेली. तिची किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. तू बाजेवर एका कुशीला होतास, गुडघे पोटाशी घेऊन, शर्ट घामानं चिंब, आणि अंग गार.

तुला मागच्या सीटवर घातलं, डोकं वहिनीच्या मांडीवर. गाडी मी चालवली. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरनं हात लावला आणि मान हलवली. बराच वेळ झालाय, म्हणाला. तिथल्या एसटीडी बूथवरनं मी हैदराबादला फोन लावला, मग जळोचीला. कुणीतरी म्हणालं, ॲम्ब्युलन्स मिळते का बघू. मी म्हटलं, नको. हा माणूस दुसऱ्याच्या गाडीतून जाणार नाही.

परत येताना सोलापूरच्या अलीकडं नाक्यावर अडवलं. हवालदारानं आत टॉर्च... नाही, दिवसच होता, त्यानं नुसतं वाकून पाहिलं आणि विचारलं, मागं कोण आहे? मी म्हटलं, गाडीचे मालक. त्यानं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि फाटक उघडलं. तू जन्मात जे बोलला नाहीस ते मी तुझ्यासाठी बोलले, पण ते ऐकायला तू नव्हतास. इंदापूर येईपर्यंत मी तुला मनात शिव्या देत होते. तू जर आत बसला असतास तर आमच्यासमोर बसला असतास. तुझ्या कपाळावरचा घाम मला दिसला असता. इतकं हे सरळ होतं.

हाच राग घेऊन मी इतके दिवस बसले होते. काल तो रागही कुणीतरी येऊन उसवून गेलं.

काल एक माणूस दारात आला. इंदापूरचे यासीनभाई, ट्रक चालवतात. एमआयडीसीत माल उतरवायला आले होते आणि जळोचीत पांढऱ्या मोठ्या गाडीचं घर विचारत विचारत पोचले. पायरीवरच बसले, आत या म्हटलं तरी येईनात. मग आईनं हाताला धरून आत आणलं. म्हणाले, "त्या दिवशी मी तितंच हुतो ताई. शेजारच्या बाजंवर. इंदापूरला परत आल्यावर कळलं, त्यो ड्रायव्हर गेला म्हून. ऱ्हावलं न्हाय."

मी विचारलं, काय झालं होतं, सगळं सांगा. ते सांगायला लागले. तुम्ही दोघं गावाकडचे निघालात म्हणून गप्पा झाल्या. त्यांनी विचारलं, मालक कोण? तू म्हणालास, हाय एक जळोचीचा, डोक्यानं जरा कमी हाय. दोघं हसलात. मग तू अर्ध्या ताटावरनं उठलास, छाती चोळायला लागलास.

"मी म्हनलं, आत मालकिनीला सांगू का? तर म्हनले, मालक मीच हाय. गाडी माजी हाय. आत माजी आय हाय, बायकू हाय, भन वकील हाय. शकूला बोलवा म्हनले. दोनदा म्हनले."

आईनं तोंडात पदर धरला. मी विचारलं, मग?

"मग मी गल्ल्यावर गेलो. आत आमाला सोडत न्हाईत ताई, एसीत. गल्ल्यावरल्याला सांगितलं, ड्रायव्हरला कसंतरी हुतंय, आन म्हनतोय गाडी माजी हाय. त्यो हसला. म्हनला, ऊन लागलं असंल, बरळतोय. बायका जेवत्यात, जेवान झालं की सांगतो. मी पानी न्हेऊन दिलं. तवर त्यांनी डोळं मिटलं हुतं. मला वाटलं, लागली झोप. माझा माल पोचवायचा हुता."

मी कोर्टात विचारते तसा प्रश्न माझ्या तोंडातून निघून गेला. म्हटलं, तुम्ही गल्ल्यावर काय सांगितलंत, ड्रायव्हरला होतंय की मालकाला?

त्यांनी मान खाली घातली. "ड्रायव्हरला. खोटं कशाला बोलू ताई, मलाबी खरं वाटलं न्हाय."

त्यांना मी काय म्हणणार? सगळ्या हॉटेलात तेवढा एक माणूस उठून गल्ल्यापर्यंत गेला होता. वहिनीनं त्यांना चहा दिला, तो त्यांनी कसाबसा घेतला आणि गेले.

म्हणजे तू म्हणालास, दादा. इतकी वर्षं मी तुझ्या मागं लागले होते की एकदा तोंडानं म्हण, आणि मी समजत होते की तू न म्हणताच गेलास. त्याचाच मला राग होता, तो धरून तरी उभं राहता येत होतं. तू म्हणालास आणि तो गल्ल्यावरचा हसला. आता मी भांडू कुणाशी? त्या गल्ल्यावरच्या माणसाशी भांडेन, त्याला सोडणार नाही, पण तो काय सांगेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, आम्हाला कसं कळणार मॅडम. आणि खरंच, त्याला कसं कळणार होतं? पंपावर सांगितलं तेव्हा माझ्यावर तरी कुणी विश्वास ठेवला होता?

तुलाही मी सोडणार नाही. डोक्यानं कमी म्हणे. थट्टा करायला तुला तेवढीच जागा सापडली. तुझं तेवढं वाक्य नसतं तर यासीनभाई गल्ल्यावरनं आत घुसले असते, मला खात्री आहे, तसा माणूस आहे तो.

पण तू माझं नाव घेतलंस. आईचं नाही, वहिनीचं नाही, शकूला बोलवा म्हणालास. आणि मी भिंतीच्या पलीकडं बसून वेटरला विचारत होते, आमचा ड्रायव्हर नीट जेवला का. हो दादा, तोच शब्द वापरला मी. दुसरा कुठला म्हटला असता तर त्याला कळलं नसतं, मी कुणाबद्दल विचारतेय.